शेवटचे साठ दिवस आणि त्याआधीचे नऊ महिने

२०२४च्या फेब्रुवारीत माझा एक सहकारी दुसऱ्या नोकरीवर गेला आणि जाताना माझ्या टेबलावर एक पेनड्राइव्ह ठेवून गेला. वर चिठ्ठी चिकटवली होती: ‘बाकी सगळं ईमेलमध्ये आहे.’ ते ईमेल त्याचंच होतं आणि आयटीवाल्यांनी ते त्याच संध्याकाळी बंद करून टाकलं.

मी डब्लिनमध्ये एका कामगार संघटनेच्या शिक्षण विभागात आहे. माझं मूळ काम शिकवण्याचं. वृद्धाश्रमांत किंवा लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या, आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या कामगारांना मी संगणक, रोजच्या कामापुरतं इंग्रजी, पगाराची स्लिप कशी वाचायची असं शिकवते. युरोपीय प्रकल्प, ग्रँट, रिपोर्ट हे खालच्या मजल्यावरचं जग. त्या मजल्यावर आता कुणीच उरलं नव्हतं आणि प्रकल्प मात्र आणखी साडेआठ महिने चालायचा होता. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

आपल्याकडे इरॅस्मस म्हटलं की परदेशात एमएस करायला मिळणारी शिष्यवृत्ती आठवते. पण युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस या कार्यक्रमात प्रौढ शिक्षणाचाही एक मोठा भाग आहे, आणि त्यात कामगार संघटना इतर देशांतल्या संघटनांबरोबर मिळून प्रकल्प करू शकतात. किमान तीन देशांतल्या तीन संस्था लागतात. आम्ही चार होतो: डब्लिनची आमची संघटना, पोर्तुगालमधल्या लिस्बनची आणि स्लोव्हेनियातल्या लुब्लियानाची संघटना आणि इटलीतल्या बोलोन्याची एक प्रशिक्षण संस्था. अर्ज २३ मार्च २०२२ रोजी गेला होता, ब्रसेल्सच्या घड्याळाप्रमाणे दुपारी बाराच्या आत. प्रकल्प १ नोव्हेंबर २०२२ ते ३१ ऑक्टोबर २०२४. रक्कम २,५०,००० युरो, एकरकमी म्हणजे लम्प सम. त्यातले ८० टक्के सुरुवातीला मिळालेले, उरलेले ५०,००० फायनल रिपोर्ट मंजूर झाल्यावर. हे शेवटचे पन्नास हजार पुढे माझ्या स्वप्नात यायला लागले.

काळजीवाहू कामगारांना नोकरीतच शिकायची संधी कशी मागायची, याची एक मार्गदर्शिका. जेवणाच्या सुट्टीत होतील असे वीस-वीस मिनिटांचे बारा धडे. आणि ते शिकवणाऱ्यांसाठी एक पुस्तिका, असं तिहेरी काम होतं. यातलं बरंचसं तयार होतं. नव्हतं ते त्याचं व्यवस्थापन आणि त्याचा प्रसार. म्हणजे काय काय झालं, कुठे आहे, कुणापर्यंत पोचलं, याचा माग.

पहिला महिना शोधाशोधीत गेला. फाइली पाच ठिकाणी होत्या: ऑफिसच्या सर्व्हरवर, एका खाजगी गूगल ड्राइव्हवर, बोलोन्याच्या क्लाउडवर, पेनड्राइव्हवर आणि एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये. मार्गदर्शिकेच्या सात आवृत्त्या सापडल्या. लिस्बनने भाषांतर केलं होतं ते पाचव्या आवृत्तीचं, लुब्लियानाने सहाव्या. अंतिम कोणती, हे चारही भागीदारांना स्वतंत्रपणे विचारलं तर तीन उत्तरं आली.

मग घोडं अडलं लॉगिनपाशी. प्रकल्पाचा सगळा व्यवहार बेनिफिशियरी मॉड्यूल नावाच्या सरकारी वेबसाइटवर होतो आणि तिथे ईयू लॉगिनने शिरावं लागतं. आमच्याकडून त्या प्रकल्पावर नाव होतं ते एकट्या त्या गेलेल्या सहकाऱ्याचं. संपर्कव्यक्ती बदलायची तर संघटनेच्या कायदेशीर प्रतिनिधीच्या सहीचं पत्र नॅशनल एजन्सीला, म्हणजे आपल्या देशात हा कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेला द्यायचं, त्यांनी नोंद बदलायची, मग मला प्रवेश. एकूण सोळा दिवस गेले. असा प्रकल्प कुणी आजच सुरू करत असेल तर पहिल्याच दिवशी दोन माणसांची नावं घाला. दुसरं माणूस कधीच लॉगिन करणार नसलं तरी चालेल.

त्या सोळा दिवसांत मी एक काम केलं, त्याने पुढे मला वाचवलं. मूळ अर्जाचं पीडीएफ छापून घेतलं, हायलायटर घेऊन बसले आणि जिथे जिथे आकडा किंवा ‘आम्ही करू’ असं क्रियापद होतं तिथे रेघ ओढली. चार देशांत चार कार्यक्रम, प्रत्येकी किमान तीस लोक. सहा वार्तापत्रं. दीड हजार कामगारांपर्यंत पोच. दहा बाहेरच्या संस्थांना सादरीकरण. सगळी मिळून ४३ आश्वासनं निघाली. त्यांचा एक तक्ता केला: आश्वासन, जबाबदारी कुणाची, पुरावा काय, पुरावा कुठे ठेवलाय. पहिल्या दिवशी पुराव्याच्या रकान्यात नऊच ओळी भरल्या. अर्ज लिहिणाऱ्याला आकडे फुकट असतात. ते भरून काढणारा दोन वर्षांनी येतो, आणि बहुतेक वेळा तो दुसराच कुणीतरी असतो.

आमच्या हिशोबनीसबाईंना वेगळाच घोर होता. त्यांचा अनुभव २०२०पर्यंतच्या जुन्या पद्धतीचा. तेव्हा कार्यक्रमाला आलेल्या स्थानिक माणसामागे १०० युरो आणि परदेशी माणसामागे २०० युरो असा दर होता, आणि मोठ्या कामांना ‘इंटलेक्च्युअल आउटपुट’ म्हणत. ऑफिसात अजूनही सगळे ‘आयओ वन, आयओ टू’च म्हणतात. नव्या पद्धतीत एजन्सीला पावत्या दाखवायच्या नसतात, काम झाल्याचं दाखवायचं असतं. हे ऐकून त्या म्हणाल्या, ‘म्हणजे पावती सोपी होती.’ तेव्हा मी हसले. नंतर पटलं. चहाच्या बिलावर वाद होत नाही. ‘प्रभाव पडला’ या वाक्यावर होतो.

१८ आणि १९ एप्रिलला लुब्लियानाला भागीदारांची बैठक झाली. मी एकटीच नवी, बाकीचे दीड वर्षापासून एकमेकांना ओळखणारे. मी तक्ता भिंतीवर लावला. बोलोन्याच्या सहकाऱ्याने बराच वेळ तो वाचला आणि विचारलं, ‘हे सगळं आपण कबूल केलं होतं?’ मग सगळे हसले आणि कामाला लागले. त्या बैठकीत ठरलेल्या दोन गोष्टी फार उपयोगी पडल्या. एक, फाइलच्या नावात भाषा, आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख, आणि ‘फायनल’ हा शब्द वर्ज्य. दुसरं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येकाने तक्त्यात आपल्या ओळी भरायच्या. लुब्लियानाची सहकारी हे घड्याळ लावून करायची. बाकीच्यांना मला फोन करावे लागायचे.

जून-जुलै परवान्यात गेले. युरोपीय पैशातून तयार झालेलं शैक्षणिक साहित्य सर्वांना मोफत आणि खुल्या परवान्याखाली द्यावं लागतं. हक्क लिहिणाऱ्याचेच राहतात, पण इतरांनी वापरावं, भाषांतर करावं, बदलावं याला मोकळीक हवी. आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सचा, नाव देऊन आणि त्याच अटीवर पुढे वाटायला परवानगी देणारा परवाना घेतला. शेवटच्या पानावर चिन्ह टाकायचं, झालं, असं मला वाटलं होतं. मग लिस्बनच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘आतले फोटो कुणाचे?’

फोटो विकत घेतलेले होते, फोटो विकणाऱ्या वेबसाइटवरून. ते छापायचा हक्क आम्हाला होता, दुसऱ्यांना वाटायचा नव्हता. असे अकरा. त्यातल्या एका फोटोतल्या आजीबाई इतक्या तजेलदार होत्या की आमच्या वर्गातल्या बायका त्यांना हसायच्या, त्यामुळे त्या गेल्याचं दुःख झालं नाही. एका चित्रकाराकडून प्रत्येकी साठ युरोला अकरा रेखाचित्रं करून घेतली, ६६० युरो. पाच आठवडे गेले ते वेगळेच. फोटो, नकाशे, फॉन्ट, मागच्या एखाद्या प्रकल्पातून उचललेले उतारे, या सगळ्याचं मूळ लिहिताना नोंदवलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. मुखपृष्ठावर युरोपीय संघाचं निळं चिन्ह आणि ‘सहअर्थसाहाय्य’चं वाक्य लागतं, आणि आत ‘यातली मतं लेखकांची आहेत’ असा खुलासाही लागतो. हे दोन्ही चारही भाषांत अधिकृत मजकुरात तयार मिळतं. आमच्या पोर्तुगीज आवृत्तीत खुलाशाचं घरगुती भाषांतर होतं, ते बदललं.

डब्लिनचा कार्यक्रम १२ सप्टेंबरला, गुरुवारी संध्याकाळी सहाला ठेवला, कारण दिवसपाळी सुटते आणि रात्रपाळी सुरू व्हायची असते त्यामधली ती फट. सभागृह संघटनेचंच, फुकट. चाळीस जणांचं खाणं आणि चहा ४१२ युरो. जवळच ओ’कॉनेल स्ट्रीटवर जिम लार्किनचा हात उंचावलेला पुतळा आहे. १९१३च्या टाळेबंदीत डब्लिनच्या कामगारांचा पुढारी असलेला हा माणूस. लालबागमध्ये दत्ता सामंतांचं नाव जसं निघतं तसं इथे याचं निघतं. येणाऱ्यांना खूण म्हणून मी तो पुतळाच सांगितला होता.

आले चौतीस. दारात सहीचा कागद ठेवला होता: नाव, कुठे काम करता, ईमेल, सही. केरळच्या एका ताई कागदापाशी थांबल्या, पेन उचललं आणि परत ठेवलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘हा कागद कुठे जातो?’

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मी हा विचारच केला नव्हता. त्यांचा वर्क परमिट मालकाशी बांधलेला. त्या संघटनेच्या कार्यक्रमाला आल्या होत्या हे त्या कागदावरून कळलं असतं, आणि तो कागद मी चार देशांत पुरावा म्हणून फिरवणार होते. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमात कामगार संघटनेचं सदस्यत्व ही आरोग्य आणि धर्म यांच्याइतकीच संवेदनशील माहिती धरलेली आहे. हे मी वर्गात शिकवते! आणि माझ्याच टेबलावर तो रकाना.

मी तो कागद उचलला. मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने नवा तक्ता आखला, फक्त नाव आणि सही. तोसुद्धा नको असेल त्यांच्यासाठी दारात एक जण मोजायला बसवला आणि ‘सही केलेले २७, न करता उपस्थित ७’ असं त्याच्याकडून लिहून घेतलं. बॅजवर दोन रंगांचे ठिपके लावले; लाल ठिपका म्हणजे फोटो नको. जवळजवळ निम्मे लाल. त्यामुळे आमच्या अंतिम कार्यक्रमाचे फोटो पाठमोरे आहेत आणि त्यांत सगळ्यात स्पष्ट दिसतो तो समोशांचा ट्रे. पुढे कागद सांभाळायचेही नियम आहेत. साठ हजार युरोंच्या वरच्या अनुदानात शेवटचा हप्ता मिळाल्यापासून पाच वर्षं. तो कागद आता कुलुपात आहे आणि किल्ली माझ्याकडे नाही, हे मी मुद्दाम तसं केलं.

सादरीकरण मात्र आखल्याप्रमाणे झालंच नाही. दहा दिवसांपूर्वी, २ सप्टेंबरला, आयर्लंडचा नवा रोजगार परवाना कायदा लागू झाला होता आणि त्यात नऊ महिन्यांनंतर मालक बदलायची सोय होती. माझ्या तिसऱ्या स्लाइडला एकाने हात वर केला आणि विचारलं, ‘नऊ महिने कधीपासून मोजायचे?’ त्यानंतरचा तासभर तेच. प्रकल्पाच्या बारा धड्यांवर कुणी एक शब्द विचारला नाही. मी घरी जाताना लुआस ट्राममध्ये अक्षरशः रडवेली झाले होते. रात्री अकराला लक्षात आलं की नववा धडा ‘परवाना आणि प्रशिक्षण’ यावरच होता, आणि तो दहा दिवसांपासून जुना झाला होता. आयर्लंडच्या आवृत्तीत एक पान घातलं. मांडणीचे १८६ युरो लागले. फिडबॅक फॉर्मवर ‘धडे कसे वाटले’च्या खाली बहुतेकांनी काही लिहिलं नाही, पण मागच्या बाजूला परवान्याबद्दल कुणाला विचारायचं त्याचे नंबर मागितले होते.

३१ ऑक्टोबरला प्रकल्प संपला आणि साठ दिवसांची उलटमोजणी सुरू झाली. फायनल रिपोर्ट ३० डिसेंबरच्या आत. त्याआधी सगळं साहित्य इरॅस्मस प्लसच्या प्रोजेक्ट रिझल्ट्स प्लॅटफॉर्मवर चढवायचं. ते फक्त कोऑर्डिनेटर संस्थेलाच, म्हणजे आम्हालाच करता येतं. चार भाषा, तीन कामं, म्हणून बारा फाइली, प्रत्येकीला शीर्षक, वर्णन, भाषा, परवाना. एका दिवसाचं काम समजून बसले, साडेतीन दिवस लागले, कारण वर्णनं लिहिलेलीच नव्हती. तुम्ही कराल तेव्हा प्रत्येक फाइलबरोबर चार ओळींचं वर्णन भागीदाराकडूनच मागून घ्या. सगळं झेनोडोवरही ठेवलं. जिनिव्हाजवळची सर्न ही संशोधनसंस्था ते चालवते, फुकट आहे, आणि प्रत्येक फाइलला कायमचा क्रमांक मिळतो. प्रकल्पांच्या वेबसाइट मरतात. आमच्याच संघटनेच्या जुन्या प्रकल्पाचा पत्ता आता बूट विकतो.

रिपोर्ट लिहिताना सगळ्यात छळलं ते आउटपुट आणि इम्पॅक्ट यांतल्या फरकाने. बारा धडे केले, हे पहिलं. त्याने कुणाचं काय बदललं, हे दुसरं. पहिल्याचे माझ्याकडे ढीग होते. वार्तापत्र १,९०० जणांना गेलं, उघडलं ४१० जणांनी. मार्गदर्शिका २१२ वेळा डाउनलोड झाली, त्यातली निदान वीस वेळा मीच केली असेन. लिहिताना ‘व्यापक प्रतिसाद’ असं एक वाक्य टाकलं होतं. ते खोडलं.

रिपोर्ट १९ डिसेंबरला तयार होता. उरली होती एक घोषणापत्रावरची सही, कायदेशीर प्रतिनिधीची, म्हणजे आमच्या सरचिटणीसबाईंची. त्या २० तारखेला डोनेगलमधल्या आपल्या गावी नाताळला गेल्या. मी त्यांना २३ला फोन केला तेव्हा मागे नातवंडांचा कल्ला चालला होता. घरी प्रिंटर नाही. २५ नाताळ, २६ सेंट स्टीफन्सची सुट्टी. २७ला सकाळी त्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात गेल्या, तिथे छापलं, काउंटरवर ठेवून सही केली आणि फोनने फोटो पाठवला. फोटोत कोपऱ्यात कॉफीचा कप. ‘बाई, स्कॅन हवं, कपाशिवाय,’ असं सरचिटणीसांना सांगण्याचं धैर्य मला त्या दिवशी आलं. दुपारी चारला, सत्तावन्नाव्या दिवशी, ‘सबमिट’ दाबलं.

मग वाट पाहणं. ११ फेब्रुवारीला एजन्सीचं पत्र आलं, पण मंजुरीचं नव्हे. तीन प्रश्न होते, आणि प्रश्न विचारले की रिपोर्ट तपासायचं त्यांचं साठ दिवसांचं घड्याळ थांबतं. दोन किरकोळ. तिसरा: भागीदार संस्थांच्या बाहेर या साहित्याचा प्रत्यक्ष वापर झाल्याचा काय पुरावा आहे?

त्या रविवारी बाबांना फोन केला. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात होते आणि तिथे श्रमिक शिक्षकही होते. १९५८मध्ये स्थापन झालेल्या, तेव्हा नागपूरला मुख्यालय असलेल्या श्रमिक शिक्षण मंडळाची ही पद्धत: संघटनेने कामगार निवडायचा, मंडळाने त्याला शिकवायचं, मग त्याने कारखान्यात परत येऊन इतरांचे वर्ग घ्यायचे. मी त्यांना प्रश्न सांगितला.

‘मग तू कुणाला विचारलंस का, वापरलं का म्हणून?’ बाबा म्हणाले.

‘फॉर्म पाठवला होता.’

‘फॉर्म नव्हे गं. आमचा वर्ग संपला की सहा महिन्यांनी मी कॅन्टीनमध्ये एकेकाच्या बाजूला जाऊन बसायचो. अर्ज स्वतः लिहिलास का, विचारायचो. काही जण तोंड चुकवायचे.’

सोमवारी मी फॉर्म न पाठवता फोन करायला बसले. वीस फोन. आठ जणांनी मार्गदर्शिका उघडलीही नव्हती आणि तसं सांगितलं. एका गावातल्या वृद्धाश्रमात रात्रपाळीच्या चौघी चौथा धडा चहाच्या वेळी मोठ्याने वाचत होत्या. लुब्लियानाहून कळलं की त्यांच्या दुसऱ्याच शाखेने पुस्तिकेतली दोन सत्रं आपल्या प्रतिनिधींच्या प्रशिक्षणात घेतली आहेत. आणि सही न केलेल्या त्या केरळच्या ताई, ज्यांना आता मी चेची म्हणते, म्हणाल्या, ‘नववा धडा मी मल्याळममध्ये केलाय. चालतं ना? तुम्हीच म्हणाला होतात, बदलायला परवानगी आहे.’ त्यांनी पीडीएफ पाठवलं. खाली परवान्याची ओळ बरोब्बर होती. आमच्या पोर्तुगीज आवृत्तीपेक्षा बरोबर.

उत्तरात मी हे सगळं लिहिलं, न उघडणाऱ्या आठ जणांसकट. चेचींचं नाव न घालता. २८ मार्चला निकाल आला: १००पैकी ७४. प्रसाराच्या भागात सगळ्यात कमी गुण. अनुदानाला कात्री लागली नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पन्नास हजार जमा झाले आणि तीन दिवसांत ते वाटूनही झाले. बोलोन्याहून दर शुक्रवारी येणारं ईमेल थांबलं.

परवा वेबसाइटच्या डोमेनच्या नूतनीकरणाची आठवण आली. अजून चार वर्षं ती चालू ठेवायची असं आम्ही भागीदारांनी करारात लिहिलंय. ज्या कार्डावर ते बांधलंय ते त्या गेलेल्या सहकाऱ्याचं आहे, आणि तो फोन उचलत नाहीये.